टाळू रुंद करायची प्लेट लावली तर मुलाचं घोरणं थांबेल का?

या आठवड्याचं पत्र, थोडं छोटं करून:

"नमस्कार डॉक्टर. आम्ही साताऱ्याजवळ राहतो. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, तिसरीत. लहानपणापासून तोंड उघडं ठेवून झोपतो, वर्षभरापासून तर रोजच घोरतो, मधेच श्वास अडकल्यासारखा होतो मग दचकून कूस बदलतो. उशी घामाने ओली होते, अजून कधी कधी अंथरुणात सू होते. सकाळी उठवता उठवता माझ्या नाकी नऊ येतात आणि शाळेत बाई म्हणतात हा एका जागी बसतच नाही. दातांच्या डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले टाळू अरुंद आहे, उजव्या बाजूच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसतात, एक्स्पांडर नावाची प्लेट लावू, टाळू रुंद होईल, श्वास मोकळा होईल, घोरणं थांबेल. खर्च आमच्यासाठी मोठा आहे. सासूबाई म्हणतात घोरतो म्हणजे गाढ झोपतो, सगळे दात येऊ देत मग बघू. जाऊबाई म्हणतात हल्ली तोंडाला टेप लावून झोपवतात ते कर. दातांचा आणि झोपेचा खरंच काही संबंध असतो का, की आम्हाला उगाच खर्चात पाडतायत? अजून दोन गोष्टी, माझ्या भाचीचे चार दात काढून तारा लावल्यात, त्याने श्वासाची नळी लहान होते असं व्हॉट्सअपवर आलं होतं, खरं आहे का? आणि मिस्टरपण प्रचंड घोरतात, त्यांना अशी प्लेट चालेल का?"

ताई, नमस्कार.

सगळ्यात आधी टेपचं सांगते, कारण ते आज रात्रीपासून पाळायचंय. तोंडाला टेप लावू नका. ज्या मुलाचं नाक बंद आहे म्हणून तो तोंडाने श्वास घेतोय त्याचं तोंडपण बंद केलं तर तो श्वास घेणार कुठून, आणि आठ वर्षांचं पोर झोपेत उलटी झाली किंवा घाबरलं तर स्वतः टेप काढेलच याची खात्री नाही. जाऊबाई प्रेमाने सांगत असतील पण हे लहान मुलांवर करून बघायची गोष्ट नाहीये.

दुसरं सासूबाईंचं. त्यांच्या पिढीत सगळेच असं म्हणायचे त्यामुळे त्यांना दोष नाही, पण लहान मूल रोज घोरतंय म्हणजे गाढ झोपलंय असं नसतं, बरेचदा नेमकं उलटं असतं. सर्दी झाली, चार दिवस घोरला, सोडून द्या. पण आठवड्यातले तीन-चार दिवस किंवा त्याहून जास्त, सर्दी नसताना, महिनोन् महिने घोरतोय आणि मधे श्वास अडकतोय, घाम, बेचैन झोप, सू, सकाळी न उठणं, हे सगळं एकत्र तुम्ही लिहिलंय, तेव्हा झोपेत श्वास अडण्याचा आजार म्हणजे स्लीप अप्निया आहे का हे तपासायलाच हवं. मोठ्या माणसाला हा आजार असेल तर तो दिवसा पेंगतो, लहान मूल मात्र बरेचदा पेंगत नाही, उलट ते जास्त वळवळ करतं, चिडचिड करतं, लक्ष लागत नाही, आणि मग घरी-शाळेत सगळे त्याला मस्तीखोर ठरवून मोकळे होतात. तुमच्या मुलाच्या बाईंची तक्रार मी त्याच नजरेने वाचली. शाळेत त्याला ओरडा बसत असेल तर बाईंना जाऊन एकदा सांगा की याची झोप नीट होत नाहीये, तपासण्या चालू आहेत. मुलांमध्ये हा आजार काही जगावेगळा नाही, शंभरात एक ते पाच मुलांना असू शकतो असा अंदाज आहे. मुलांमधल्या या आजाराचं नीट वर्णन अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे झोपेचे डॉक्टर ख्रिश्चन गिलेमिनो यांनी १९७६ साली केलं, म्हणजे आपल्या आईवडिलांच्या लहानपणी कोणाला माहीत असणार होतं हे.

आता तुमचा मुख्य प्रश्न, दात आणि झोपेचा संबंध. आहे, खरंच आहे, फक्त तो दातांशी कमी आणि जबड्याच्या हाडाशी जास्त आहे. जीभ वर लावून बघा, जिथे टेकते ती टाळू. खालच्या घराचं छत तेच वरच्या घराची जमीन असते ना, तसं टाळू हे तोंडाचं छत आणि नाकाची जमीन, हाड एकच. त्यामुळे टाळू अरुंद आणि उंच झाली की वर नाकाची पोकळीपण अरुंद होते, आणि खाली जिभेला जागा कमी पडते, मग ती झोपेत मागे घशाकडे सरकते. म्हणजे अडचण दोन्हीकडून. आणि हवेच्या वाटेचं गणित असं आहे की वाट थोडी जरी अरुंद झाली तरी हवा ओढायला लागणारा जोर खूप जास्त वाढतो, म्हणून एक-दोन मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाहीत पण एवढ्याशा नाकात त्यांना किंमत असते.

टाळू अरुंद होते कशाने? काही घरात जबड्याची ठेवणच तशी असते, काही मुलं बरीच वर्षं अंगठा चोखतात त्यानेपण होतं, पण तुमच्या मुलासारख्या तोंडाने श्वास घेणाऱ्यांमध्ये जिभेचा मोठा हात असतो. मूल नाकाने श्वास घेत असेल तर ओठ मिटलेले आणि जीभ वर टाळूला टेकलेली असते, बाहेरून गाल दाबतात, आतून जीभ दाबते, या दोघांच्या मधे वरचा जबडा छान रुंद वाढतो. नाक बंद असेल तर तोंड उघडं ठेवावं लागतं, जीभ खाली जाते, आतला आधार गेला, गालांचा दाब तसाच राहिला, मग वर्षानुवर्षं जबडा आत आत येत जातो आणि समोरच्या दातांना जागा पुरत नाही. नाक बंद केलं तर जबडा खरंच बदलतो का हे बघायला कॅलिफोर्नियात एगिल हार्वोल्ड नावाच्या संशोधकांनी माकडांवर प्रयोग केले होते, त्यांची नाकं बंद केली, आणि ज्या माकडांना तोंडाने श्वास घ्यावा लागला त्यांचे दात आणि जबडे वेडेवाकडे वाढले. त्या मुक्या जिवांचं वाईट वाटतं, पण नाक आणि जबडा यांचं नातं त्यातून स्पष्ट दिसलं.

म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला खोटं सांगितलेलं नाही. पण मधली एक पायरी राहिलीय. टाळू अरुंद आहे हे कळलं, पण मुळात नाक बंद का आहे हे कोणी बघितलंय का? पत्रात नाक-कान-घशाच्या डॉक्टरांचा, म्हणजे ईएनटींचा, उल्लेखच नाही. या वयात श्वास अडायचं सगळ्यात मोठं कारण टॉन्सिल्स आणि एडिनॉइड्स असतं. एडिनॉइड्स म्हणजे नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात असलेल्या गाठी, तोंड उघडून दिसत नाहीत, त्यामुळे घरी कळायचा मार्ग नाही. साधारण दोन ते आठ वर्षांच्या दरम्यान त्या जागेच्या मानाने मोठ्या असतात आणि पुढे वयात येता येता आक्रसतात. त्या जर वाटेत बसल्या असतील तर पुढे टाळू कितीही रुंद करा, मागचं दार बंदच राहणार. दुसरं कारण ॲलर्जीची सर्दी, धूळ, गादी-उशीतले बारीक किडे, काहींना ठरावीक सीझनमध्ये जास्त. यासाठी डॉक्टर बरेचदा काही आठवडे नाकात मारायचा स्प्रे देतात, त्यात स्टेरॉइड असतं म्हटलं की आया घाबरतात, पण तो नाकापुरता आणि कमी डोसचा असतो, डॉक्टरांनी सांगितलं तसा आणि तेवढाच वापरला तर घाबरायचं कारण नाही, मात्र मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणून चालू करायचा नाही, बंद पण करायचा नाही.

तर पहिलं काम ईएनटी. जाताना मुलाचा झोपेतला व्हिडिओ घेऊन जा, याच्याइतकी उपयोगाची गोष्ट दुसरी नाही. रात्री जेव्हा जास्त घोरतो तेव्हा, बरेचदा पहाटेकडे, शर्ट वर करून छाती-पोट दिसेल असा, आवाजासकट, दोन-तीन मिनिटांचा काढा. श्वास घेताना छाती आत ओढली जातेय का, आवाज मधेच बंद होऊन मग धाप लागल्यासारखा श्वास येतोय का, मान मागे टाकून झोपतो का, हे डॉक्टरांना त्यात एका मिनिटात दिसतं, नाहीतर क्लिनिकमध्ये मूल छान जागं आणि शहाणं बसलेलं असतं. ते घसा बघतील, गरज वाटली तर नाकातून बारीक दुर्बीण घालून किंवा साईडने एक्स-रे काढून एडिनॉइड्स किती मोठे आहेत ते बघतील. एक गोष्ट तुमचे पैसे वाचवेल, आम्ही ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात-जबडे सरळ करणारे डॉक्टर, ट्रीटमेंटच्या आधी चेहऱ्याचा साईडचा एक्स-रे काढतोच, त्यातपण एडिनॉइड्सचा अंदाज येतो, तो काढला असेल तर फिल्म सोबत न्या, उगाच दुसरा नको. आणि सू होण्याबद्दल तुमच्या बालरोगतज्ज्ञांनापण सांगा, ती बाकी कारणांनीही होते, सगळंच श्वासावर ढकलायला नको.

ईएनटींना संशय वाटला तर ते स्लीप स्टडी सांगतील. रात्रभर मुलाच्या अंगाला सेन्सर लावून श्वास, ऑक्सिजन, छाती-पोटाची हालचाल, झोपेची खोली, सगळं मोजतात. दुखत नाही, सुई नाही, तुम्ही शेजारी झोपू शकता. त्यातून एक आकडा येतो, एएचआय म्हणतात, म्हणजे झोपेच्या एका तासात सरासरी किती वेळा श्वास थांबला किंवा कमी झाला. मोठ्यांमध्ये पाचच्या खाली नॉर्मल धरतात, मुलांमध्ये एकच्या वर गेला की लक्ष द्यायचं. ही टेस्ट सगळीकडे होत नाही, साताऱ्यातून पुण्याला जावं लागेल कदाचित, आणि प्रत्येक मुलाला लागतेच असंही नाही, ते ईएनटी ठरवतील.

गाठी मोठ्या निघाल्या तर ऑपरेशनचा विषय निघेल, म्हणून आत्ताच थोडं सांगून ठेवते म्हणजे ऐकून एकदम हातपाय गळणार नाहीत. अमेरिकेत यावर एक मोठा अभ्यास झाला, २०१३ साली छापून आला, पाच ते नऊ वर्षांची ४६४ मुलं, म्हणजे तुमच्या मुलाच्याच वयाची. निम्म्यांचं टॉन्सिल-एडिनॉइडचं ऑपरेशन लगेच केलं, निम्म्यांना थांबून बघितलं. सात महिन्यांनी ऑपरेशनवाल्यांपैकी ७९ टक्के मुलांची स्लीप स्टडी नॉर्मल झाली आणि थांबलेल्यांपैकीसुद्धा ४६ टक्के मुलांची आपोआप नॉर्मल झाली. लक्ष लागण्याच्या टेस्टमध्ये दोन्हीकडे फार फरक पडला नाही, पण वागणं, झोप, घोरणं, मुलाचा एकूण त्रास यात ऑपरेशनवाल्यांचं जास्त सुधारलं. याचा अर्थ असा की आजार सौम्य असेल तर काही महिने नीट लक्ष ठेवून थांबण्यातपण शहाणपण असू शकतं आणि जास्त असेल तर ऑपरेशन उगाच लांबवू नये. कुठल्या गटात तुमचा मुलगा बसतो हे रिपोर्टवरून ठरेल, माझ्या अंदाजावरून नाही.

आता प्लेटकडे येते. एक्स्पांडर वरच्या दाढांना पक्का बसवतात, मधे टाळूवर एक बारीक स्क्रू असतो. टाळूचं हाड मुळात दोन भागांचं असतं आणि मधोमध त्याचा सांधा असतो, लहान वयात तो घट्ट जुळलेला नसतो, त्यामुळे स्क्रू फिरवला की दोन्ही भाग हळूहळू बाजूला होतात आणि मधे नवीन हाड तयार होतं. एका वेळी पाव फेरा, म्हणजे साधारण पाव मिलिमीटर, दिवसातून एकदा किंवा दोनदा, डॉक्टर सांगतील तसं. चावी तुमच्याकडे देतात, घरी आईनेच फिरवायची, चावीला दोरा बांधलेला असू दे आणि दोरा मनगटाला गुंडाळूनच फिरवा, तोंडात पडली तर गिळायला नको. दोन-तीन आठवडे फिरवणं चालतं, मग स्क्रू लॉक करून प्लेट पुढे पाच-सहा महिने तशीच ठेवतात. हा काळ लोकांना फुकटचा वाटतो, "रुंद झालं ना, काढा आता" म्हणतात, पण नवीन हाड पक्कं व्हायला तो वेळ लागतोच, लवकर काढली तर सगळं परत आत येतं.

दुखतं का? फिरवल्यावर नाकाच्या मुळाशी, दाढांत दाब जाणवतो, थोड्या वेळात जातो. पहिले काही दिवस बोलणं बोबडं होतं, लाळ गळते, जेवण प्लेटमध्ये अडकतं, चिक्की, चिकट चॉकलेटं, चिंचेच्या गोळ्या बंद, भात-वरण, मऊ पोळी, उपमा चालतं. आणि एक गोष्ट आधीच सांगते कारण ती बघून आया रात्री फोन करतात, आठवड्याभरात समोरच्या दोन दातांमध्ये चांगली मोठी फट पडते. काही बिघडलेलं नाही, उलट सांधा उघडतोय याची ती खूण आहे, पुढे ती फट बरीचशी आपोआप भरते, शाळेत कोणी चिडवलं तर मुलालाच आधी समजावून ठेवा. ही पद्धत काही कालची नाही, १८६० साली अमेरिकेत एमर्सन एंजेल नावाच्या दंतवैद्यांनी पहिल्यांदा असा स्क्रू वापरून जबडा रुंद केल्याचं लिहिलं होतं, तेव्हा लोकांचा विश्वास बसला नव्हता.

घोरणं खरंच थांबतं का? इथे मी तुम्हाला दोन्ही बाजू सांगणार आहे कारण तुम्ही पैसे मोजताय. रोममध्ये पिरेल्ली आणि सॅपोनारा यांनी वर सांगितलेल्या गिलेमिनोंसोबत ३१ मुलांचा अभ्यास केला, २००४ साली छापला. सगळ्या मुलांचा वरचा जबडा अरुंद होता, आणि महत्त्वाचं म्हणजे टॉन्सिल-एडिनॉइड मोठे नव्हते. सरासरी एएचआय १२ च्या आसपास होता, टाळू रुंद केल्यावर काही महिन्यांनी सगळ्यांचा एकच्या खाली आला. ऐकायला जादू वाटते, आणि जाहिरातींमध्ये नेमकं एवढंच सांगतात. पण ती मुलं निवडून घेतलेली होती आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. नंतर २०१७ साली असे १७ अभ्यास, ३१४ मुलं, एकत्र करून बघितली तर सरासरी आकडा ८.९ वरून २.७ वर आला, म्हणजे सुधारणा चांगलीच झाली, पण ज्यांचा हिशोब लावता आला त्यातल्या जेमतेम चौथ्या हिश्शाच्या मुलांचा आकडा पूर्ण नॉर्मल झाला. म्हणून "प्लेट लावली की घोरणं थांबेल" असं छातीठोकपणे मी तुम्हाला लिहून देणार नाही, "टाळू खरंच अरुंद असेल तर श्वास बराच सुधारायची चांगली शक्यता आहे, आणि त्यासोबत नाकाचं बघितलं तर जास्त" एवढं मात्र मनापासून सांगते. अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेनेही २०१९ साली याच अर्थाचं मत दिलंय, जबडा अरुंद नसताना केवळ श्वासाच्या नावाखाली किंवा पुढे त्रास होऊ नये म्हणून रुंद करत बसू नका. हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण हल्ली श्वासाची भीती घालून सरसकट प्रत्येक मुलाला प्लेट सांगणारेपण आहेत.

पण तुमच्या केसमध्ये एक गोष्ट आहे जी माझ्या दृष्टीने निकाल लावते. उजव्या बाजूच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसतात असं तुम्ही लिहिलंय. नॉर्मली वरच्या दाढा थोड्या बाहेर असतात. एकाच बाजूला उलटं दिसतं तेव्हा बरेचदा जबडा दोन्हीकडून अरुंद असतो, फक्त मूल नीट चावता यावं म्हणून खालचा जबडा एका बाजूला सरकवून बसवतं. घरी बघायचं असेल तर त्याला सावकाश तोंड मिटायला सांगा, दात टेकल्यावर शेवटच्या क्षणी हनुवटी एका बाजूला सरकतेय का ते समोरून बघा. सरकत असेल तर वाढीच्या वयात वर्षानुवर्षं तसंच चावलं तर खालचा जबडा आणि चेहरा एका बाजूला वाकडा वाढू शकतो. हे एकटं कारणच प्लेट लावायला पुरेसं आहे, घोरणं असो नसो. म्हणजे श्वास सुधारला तर फायदाच, पण पैसे त्यासाठी म्हणून मोजू नका, चावा आणि जबडा सरळ होण्यासाठी मोजा, ते काम हे उपकरण भरवशाने करतं.

आणि म्हणूनच "सगळे दात येऊ देत" हे यावेळी लागू नाही. वेडेवाकडे दात सरळ करायच्या तारांसाठी सासूबाईंचं बरोबर आहे, त्या बारा-तेराला लावता येतात. पण टाळूचा सांधा थांबत नाही, वयात येता येता तो घट्ट होत जातो, मुलींचा अजून लवकर. पंधरा-सोळानंतर साधी प्लेट लावली तर हाड हलण्याऐवजी दातच बाहेर कलायला लागतात, मग हाडात छोटे स्क्रू बसवून किंवा ऑपरेशन करून रुंद करावं लागतं. आठ वर्षं हे या कामासाठी उत्तम वय आहे. अगदी उद्याच पळायची घाई नाही, ईएनटीचं दोन-तीन महिन्यात उरकून मग सुरू केलं तरी काही बिघडत नाही, पण दोन-चार वर्षं ढकलू नका.

खर्चाचं. सरकारी दंत महाविद्यालयात, मुंबईत सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या आवारात आहे, नागपूरला, छत्रपती संभाजीनगरला आहे, शिवाय मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, इथे ऑर्थोडॉन्टिक्सचा वेगळा विभाग असतो आणि खर्च खाजगीपेक्षा खूप कमी येतो. तुम्हाला रोजच्या येण्याजाण्याच्या दृष्टीने कराड, सांगली, पुण्याची खाजगी दंत महाविद्यालयं सोयीची पडतील, तिथेही क्लिनिकपेक्षा कमीतच होतं. एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकातलं पुढचं शिक्षण करणारे विद्यार्थी हात लावतात पण डोक्यावर शिक्षक उभे असतात, वेळ जास्त लागतो एवढंच. आणि जिथे कराल तिथे आधी विचारा, जबडा किती अरुंद आहे ते मोजून दाखवा, किती मिलिमीटर रुंद करणार, प्लेट एकूण किती महिने, नंतर तारा लागणार का आणि त्याचे पैसे वेगळे का. नंतर तारा लागण्याची शक्यता बरीच आहे, ते तुम्हाला आत्ताच माहीत असावं. नीट डॉक्टर या प्रश्नांना चिडत नाहीत.

एवढं झाल्यावरही रात्री तोंड उघडंच राहिलं तर दचकू नका, वाट मोकळी झाली तरी सवय लगेच जात नाही, ओठ मिटून जीभ वर ठेवायचे व्यायाम असतात ते करून घेतात, मुलं कंटाळतात पण रोज थोडा वेळ, दात घासून झाल्यावर लगेच, असं ठरवलं की जमतं.

भाचीचं. तो मेसेज पुढे पाठवू नका. दात काढून तारा लावल्यामुळे स्लीप अप्निया होतो का हे बघायला अमेरिकेत ५५०० पेक्षा जास्त मोठ्या माणसांच्या नोंदी तपासल्या, निम्म्यांचे ते चार दात नव्हते, निम्म्यांचे होते, दोन्हीकडे अप्नियाचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. दात खूप पुढे असतील किंवा जागाच नसेल तर काढणं योग्य असतं. आणि उलटंपण तितकंच खरं, नुसत्या तारांनी किंवा अलाइनरने, म्हणजे दातांवर बसवायच्या पारदर्शक साच्यांनी, दात ओळीत आले म्हणून कोणाचं घोरणं थांबत नाही. श्वासावर परिणाम होतो तो हाड हलल्याने, वरचा जबडा रुंद झाल्याने किंवा खालचा जबडा पुढे आल्याने.

याच शेवटच्या मुद्द्यावरून मिस्टरांकडे. त्यांचा टाळूचा सांधा कधीच घट्ट झालाय, मुलाची प्लेट त्यांना चालणार नाही. मोठ्यांसाठी वेगळं उपकरण असतं, रात्री घालून झोपायचं, वरच्या-खालच्या दातांवर बसतं आणि खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे धरून ठेवतं, त्यामुळे जीभ मागे पडत नाही. नुसतं घोरणं किंवा सौम्य-मध्यम अप्निया असेल तर छान उपयोग होतो. पण ते ऑनलाइन गरम पाण्यात बुडवून बसवायचे मिळतात तसले आणू नका, आणि टेस्ट केल्याशिवाय तर कुठलंच नको, कारण घोरण्याचा आवाज कमी होतो आणि श्वास मात्र अडतच राहतो असं होऊ शकतं. त्यांची स्लीप टेस्ट करून घ्या, मोठ्यांची घरी झोपूनपण होते. आजार जास्त निघाला तर पहिला उपाय सीपॅप मशीन, ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये जगासमोर मांडलेलं, मास्कमधून हवेचा दाब देऊन वाट उघडी ठेवतं, सुरुवातीला नकोसं वाटतं पण सवय होते. मशीन नाहीच सहन झालं तर मग जबड्याचं उपकरण, त्यानेही काहींचा सकाळी जबडा दुखतो आणि वर्षानुवर्षं वापरल्यावर चावा थोडा बदलू शकतो म्हणून दर सहा-बारा महिन्यांनी दाखवावं लागतं. वजन जास्त असेल तर ते कमी करणं, रात्रीची दारू बंद, पाठीवर न झोपता कुशीवर, हे बरोबरीने. बीपी तपासलंय का त्यांचं? आणि गाडी चालवताना डुलकी लागते का हे आज विचारा त्यांना, लागत असेल तर मुलाच्या आधी त्यांची टेस्ट करा, साताऱ्याहून पुण्याला जाणारा तो हायवे आहे.

ईएनटींना दाखवलं की ते काय म्हणाले, गाठी किती मोठ्या निघाल्या, आणि हनुवटी सरकते का, एवढं मला लिहून कळवा, त्यावरून आधी नाक की आधी प्लेट की दोन्ही एकदम हे तुमच्या दातांच्या डॉक्टरांशी काय बोलायचं ते सांगते.